उसवलेला पलंगपोस

प्रिय कुसुम,

बघ, नावानं हाक मारली तुला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. घरात 'अगं', चारचौघांत 'नंदाची आई'. दवाखान्यात केसपेपरवर तुझं नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी अडखळलो, आणि खिडकीतला तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. बायकोचं नावसुद्धा विसरलेला म्हातारा वाटलो असणार त्याला. विसरलो नव्हतो गं. तोंडातून काढायची सवय नव्हती.

आज शनिवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. उद्या नंदा येतेय नांदेडहून. तिचं कार्ड आठ दिवसांपूर्वी आलं, त्यापायी हे पत्र. नाहीतर गेलेल्या माणसांना पत्रं लिहीत बसणाऱ्यातला मी नाही, तुला चांगलं माहीत आहे. ती लिहिते, "बाबा, आई माझ्यासाठी विणत होती तो पांढरा पलंगपोस काढून ठेवा. अर्धा असला तरी चालेल. मी तसाच नेणार आहे, सुईसकट."

सुईसकट, म्हणे!

पलंगपोस नाही, कुसुम. तुला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि रझियाआपांना माहीत आहे. फक्त नंदाला माहीत नाही. उद्या अकरा वाजेपर्यंत आपली पोरगी दारात उभी राहील आणि तिला काय सांगायचं ते माझं अजून ठरत नाही. म्हणून तुझ्यापुढं बसलोय.

आधी माझी खबर देतो. तू गेलीस त्याला दोन महिने होत आले. मला रडू आलेलं नाही. एकदाही नाही. दहाव्याला सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. नंदा तर धसकून गेली होती, "बाबा, एकदा रडून घ्या हो," म्हणत होती. मी म्हटलं, बघतो. कुणी अर्ज घेऊन आलं की ऑफिसात म्हणायचो तसंच. प्रयत्नही केला, खोटं कशाला सांगू? तुझी हिरवी साडी मांडीवर घेऊन बसलो. काही झालं नाही. घडी मोडली होती, ती नीट घालून परत ठेवली.

जेवतो, पेपर वाचतो, भाजीला जातो. परवा त्या वांगीवालीनं विचारलं, "बाई नाय आल्या का आज?" मी म्हटलं, "नाय आल्या." आणि दोन किलो वांगी घेऊन घरी आलो. एकटा माणूस, दोन किलो वांगी! चार दिवस तीच खाल्ली. चव विचारू नकोस, मीठ घातलं होतं की नव्हतं तेसुद्धा सांगता येणार नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो ना, तसं चाललंय सगळं.

तुझ्या पसाऱ्याची आणि माझी हुज्जत पहिल्या दिवसापासूनची. आपलं लग्न पोलीस अ‍ॅक्शनच्या दुसऱ्या वर्षी झालं. तू फुलंब्रीकडच्या खेड्यातून आलीस ती एक ट्रंक आणि एक चरखा घेऊन. आमच्या दादांची काय गाळण उडाली होती! त्यांची सगळी उमर निजामाच्या नोकरीत गेलेली. रझाकारांच्या धाकानं त्यांनी घरात कुणाला खादीची टोपी घालू दिली नव्हती, आणि त्यांच्या ओसरीवर सुनेचा चरखा! निजामाची राजवट जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी म्हणाले, "सूनबाई, ते आतल्या खोलीत ठेवा. जमाना कधी बदलेल सांगता येत नाही." आणि तू आतून म्हणालीस, "बदललाय की, मामंजी!" मी अंगणात तोंड फिरवून हसलो होतो. तुला दिसलं नसेल.

तुझे वडील रझाकारांच्या दिवसांत टकळी पिठाच्या डब्यात लपवायचे, आणि तुमच्या भाकरीत कधीमधी कापसाचा धागा निघायचा, असं तू सांगायचीस. खरं होतं का गं ते? की मला हसवायला रचलं होतंस? विचारायचं राहूनच गेलं.

मग माग आला. मागच्या गल्लीतल्या रझियाआपा, त्यांच्या सासऱ्यांचा हिमरू विणायचा कारखाना बंद पडला. मोठे माग फोडून जळणात गेले. शिकाऊ हातांसाठीचा एक लहान माग तेवढा आपांनी उचलून तुझ्याकडं आणला. "भाभी, चुलीत घालण्यापेक्षा तुमच्याकडं राहू दे." तो पडवीत आला आणि माझी सायकल बाहेर गेली. सायकल गंजली. त्यावर मी तीन वर्षं बोलत होतो. आणि क्रोशा नंदाच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंकडून शिकून आलीस, तेव्हा तर मी हात जोडले होते.

कारण एक काम धड संपवशील तर शपथ! वरण शिजायला लावलं की क्रोशाच्या दोन ओळी. शिट्टी झाली की ते तिथंच, पोळपाटावर. मग चरख्यावर कापसाचा एक पेळू कातायचा. तेवढ्यात दारात कुणी आलं की चरखा तसाच उघडा. कोण आलं होतं ते गेलं की मागावर आसनाची चार बोटं, आणि ते सोडून परत क्रोशा. माझ्या खुर्चीत दोऱ्याचा गुंडा, देवघरात सुताची लडी, तांदळाच्या डब्यात सुई. एकदा माझ्या वरणात दोरा निघाला. मी ताट सरकवून उठलो होतो. "एक काम पुरं करावं, मग दुसऱ्याला हात लावावा," हे तुला किती वेळा ऐकवलं असेल मी! आणि तू म्हणायचीस, "तुमच्या कचेरीत होतात का पुरी?"

व्हायची! तमाम रेकॉर्ड रूममध्ये माझ्या रॅकसारखं रॅक नव्हतं. निजामाच्या वेळचे उर्दू कागद मराठीत उतरवायचे, तालुक्यावार बांधायचे, वर चिठ्ठी लावायची. पैठण म्हटलं की पैठण, सोयगाव म्हटलं की सोयगाव. डोळे मिटून काढून द्यायचो. आणि असा माणूस घरी आला की खुर्चीत बसायच्या आधी सुई टोचत नाही ना ते चाचपून बघायचा.

एकदा मी तुला चांगल्या आवाजात विचारलं होतं. वर्षातून एखाद्या वेळी निघायचा तो माझा. म्हटलं, तुला कळतं तरी कसं, आत्ता कशाला हात घालायचा ते? तू म्हणालीस, "त्यात काय! डोक्यात राग असला की चरखा. रागात सूत लई तुटतं, मग तुटंना होईस्तोवर बसायचं. घरात कुणी नसलं की माग. आणि मन बरं असलं की क्रोशा." मी म्हटलं, म्हणजे मी घरी आलो की चरखा! तू हसलीस. पण 'नाय' म्हणाली नाहीस.

पलंगपोस हा असा मन बरं असतानाचा. नंदाचं लग्न ठरलं तेव्हा सुरू केलास. मधोमध एक फूल, आणि त्याच्याभोवती फेऱ्यावर फेरा, चौकोन मोठा मोठा होत जाणार. लग्नात द्यायचा होता. लग्न झालं, पलंगपोस नाही झाला. मंगळागौरीला नाही झाला. बाळंतपणाला नाही झाला. नंदाची मुलगी शाळेत जायला लागली! "आजी, माझ्या लग्नाला तरी देशील का?" असं ती म्हणाली तेव्हा तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. बारा वर्षं, कुसुम. चार फेरे विणायचे आणि तीन उसवायचे. "ताण बरोबर बसला नाय," म्हणायचीस आणि सर्रकन ओढायचीस. मला वाटायचं, काय ही बाई! केलेलं कुणी मोडतं का?

आता मुद्द्यावर येतो. टाळतोय म्हणशील.

तू दवाखान्यात होतीस ते तीन आठवडे. पहिला आठवडा नंदा होती, मग पोरीच्या परीक्षेसाठी तिला परत जावं लागलं. मी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचो. दुपारी आत सोडत नसत, म्हणून घरी यायचो आणि तुझ्या पसाऱ्यात बसायचो. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवसांत घरी नेता येईल. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की, चला, ती यायच्या आत सगळं लावून ठेवू. आयुष्यभर आपण नुसती कटकट केली, एकदा करून दाखवू.

आठ दुपारी राबलो. घर पालथं घातलं. आठ सुया सापडल्या, आणि एकूण एक सुई कुठल्या ना कुठल्या अर्धवट कामात अडकलेली. मी त्या काढल्या. सगळ्या! पुसल्या, जाडीप्रमाणे लावल्या, नंदाच्या जुन्या कंपासपेटीत ठेवल्या, वर चिठ्ठी डकवली: 'क्रोशाच्या सुया, नग आठ'. सुताच्या लड्या एका खणात, दोरे रंगवार दुसऱ्या खणात. सुई ज्या टाक्यात असते तो एकच टाका मोकळा असतो, आणि तो सुटला की मागचं सगळं सुटतं, हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं एका खोलीत बसून माणसाला एवढंही कळू नये?

पलंगपोस जुन्या उशीच्या अभ्र्यात होता. सुई काढली, दोऱ्याचं टोक लोंबत होतं, म्हटलं एवढं गुंडाळून टाकू. ओढलं, तर ते येतच राहिलं. मी माझ्या मनाशी म्हटलं, हे कच्चं असणार. पक्कं असतं तर ट्रंकेत घालून ठेवलं असतं तिनं. आणि उसवत तर तूही असायचीसच की! दोन दुपारी लागल्या. सात गुंडे झाले, एकसारखे, घट्ट. 'पांढरा दोरा, गुंडे सात.'

माग तेवढा वाचला. त्याचं काय करायचं ते कळलं नाही, आणि कपाटात तो मावणारा नव्हता.

तुला रिक्षातून घरी आणलं. आपा सोबत होत्या. तू पलंगावर टेकलीस, आणि मी कपाटाची दोन्ही दारं उघडून बाजूला उभा राहिलो, शाळेच्या प्रदर्शनात पोरं उभी राहतात तसा. तू बघितलंस. बराच वेळ बघितलंस. आपांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तू त्यांच्या हातावर हात ठेवलास. ते मी पाहिलं होतं, कुसुम. अर्थ लावला नाही. मग म्हणालीस, "छान लावलंय हो." मग विचारलंस, "ते पांढरं कुठंय?" मी सात गुंडे दाखवले. त्यातला एक मागून घेतलास, दाबून बघितलास. "लई घट्ट गुंडाळलंय," म्हणालीस. आणि चहा मागितलास.

चहात आलं घालू का, असं मी विचारलं. मी किती खुशीत होतो!

त्यानंतर तू अकरा दिवस होतीस. त्या अकरा दिवसांत एकदाही सुईला हात लावला नाहीस. मी म्हटलं, शक्ती नाही तिला. पण चरखा दोनदा मागितलास. पलंगाजवळ मांडून दिला, तू कडेला बसून कातलंस, धागा तुटत होता आणि तू जोडत होतीस. ज्या बाईला सुई उचलायची शक्ती नाही, ती चरखा फिरवते? एवढा साधा हिशेब मला तेव्हा करता आला नाही. राग असला की चरखा, हे तूच मला सांगितलं होतंस ना?

आणि तेराव्याला मी काय केलं माहीत आहे? आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितलं, "जाण्याआधी तिनं सगळं जागच्या जागी लागलेलं बघितलं. समाधानानं गेली." लोक माना डोलवत होते. आपा ओढणी तोंडाला लावून उठून गेल्या. मला वाटलं, रडू आलं असेल. नंदानं तर माझा हात हातात घेतला. तुझ्या कपाटाला हात लावायची तिची हिंमत झाली नव्हती, म्हणून तिला आत काय आहे ते कळलं नाही.

तिचं कार्ड आलं आणि मी ते सात गुंडे पिशवीत घालून आपांकडं गेलो. काय वाटतं तुला, कशासाठी? म्हटलं, "आपा, आठ दिवस आहेत. पुन्हा विणून द्याल का? होता तसा." माझी अक्कल बघ! आपांनी पिशवीत डोकावून बघितलं. आधी हसल्या, मग डोळे पुसले.

"क्या भाईसाब! बारा बरस का काम आठ दिन में? आणि बसले मी जागरण करून, तरी हात कुणाचा लावू? माझा हात ढिला आहे. भाभीचा हात मेरेकू कहाँ से येणार?" त्यांनी एक गुंडा सोडून दोरा माझ्यापुढं धरला. सगळा वळावळांचा होता. "हे बघा, अजून टाके लक्षात आहेत त्याच्या. नंदा बघताच ओळखेल."

मी उठलो, आणि दारात जाऊन परत वळलो. विचारलं, "आपा, तिला वाईट वाटलं होतं का?"

"हे पूछना नक्को होतं, भाईसाब." सोडलेला दोरा त्यांनी परत गुंडाळायला घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही दूध आणायला गेलात, तेव्हा रडली. लई रडली. मी म्हटलं, आत्ता बोलते भाईसाबला. तर माझा हात धरून बसली. म्हणे, आपा, काय बोलू नका. जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाला हात लावलाय त्यांनी. आता सांगितलं, तर परत कधी लावतील का?"

परत कधी!

अकरा दिवस उरले होते तुझे, आणि तू 'परत कधी'चा विचार करत होतीस! मला तुझा संताप आला. आपांच्या दारात उभं राहून, दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो तुझा राग होता. का गं बोलली नाहीस? मी वरणातल्या एका दोऱ्यासाठी ताट सरकवणारा माणूस. तुझी बारा वर्षं ओढून काढली मी, आणि तू म्हणतेस, छान लावलंय! एक गुंडा माझ्या तोंडावर फेकून मारायचास! मी काय मोडलो असतो? चाळीस वर्षं तू मला बोलायचं टाळलंस, आणि मी आपला समजत राहिलो की आपलं सगळं बरोबर चाललंय. ह्यात थोडी चूक तुझीही आहे, कुसुम. थोडीच.

घरी आलो तोवर तो रागही विझला. परत सगळं बधिर.

दुसऱ्या दिवशी आपा स्वतःच आल्या. मागावरचं आसन अर्धं आहे, ते पुरं करते म्हणाल्या. मला समोर बसवलं आणि धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायला लावलं. मी भरून दिलेली पहिली कांडी त्यांनी हातात घेतली आणि परत माझ्याकडं टाकली. "ढिलं भरा, भाईसाब! इतकं कसलं आवळता? धोट्यातून सुटायला नको का?" सहा वेळा परत केली त्यांनी. मला कुणी असं रागावलं की मी उठून जातो, तुला माहीत आहे. बसून राहिलो. सातवी चालली.

त्याच दिवशी मागावर बसल्या बसल्या आपा म्हणाल्या, "नंदाला सांगू, भाभीनंच उसवला. आदतच होती ना तिची? कोण विचारणार आहे?"

खरंच की! कोण विचारणार? नंदाला लहानपणापासून माहीत आहे, आई उसवते. मला इतकं हलकं वाटलं, सांगता सोय नाही. पुढचे सहा दिवस मी ते वाक्य घोटत होतो. "ताण बरोबर बसला नाही म्हणाली गं तुझी आई, आणि काढला सगळा उसवून. परत घालणार होती." आरशापुढं उभा राहून म्हणून बघितलं. नीट जमत होतं. ऐकून नंदा म्हणेल, "आई पण ना!" आणि आम्ही दोघं थोडं हसू.

आज जेवण झाल्यावर ते सात गुंडे नंदासाठी पिशवीत भरायला काढले. भरता भरता एक गोष्ट आठवली. म्हणजे विसरलेली नव्हतीच, बाजूला ठेवलेली होती. ती मी आपांनासुद्धा सांगितलेली नाही.

दुसऱ्या दुपारी मी पलंगपोस पलंगावर पसरला होता. किती उरलाय ते बघायला. निम्मा उसवून झाला होता, तरी मधलं फूल होतं, त्याच्याभोवतीचे कितीतरी फेरे होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्याची जाळी चादरीवर उमटली होती. एक टाका इकडचा तिकडं नव्हता. मी उभा राहून बघत होतो, आणि मला कळलं, कुसुम. हे कच्चं नाही, हे मला स्वच्छ कळलं. तेव्हा थांबता आलं असतं. निम्मा उरला असता. उद्या पोरीच्या हातात द्यायला काहीतरी असतं.

मी थांबलो नाही. चौथा गुंडा अर्धाच झाला होता, आणि अर्धा गुंडा खणात शोभला नसता. हे एक कारण. दुसरंही सांगतो, आता लपवून काय करू? बरं वाटत होतं मला. चाळीस वर्षं तुझा दोरा माझ्या घरात हवा तसा फिरला, आणि त्या दुपारी तो माझ्या हाताखाली मुकाट येत होता. मी जिंकत होतो. तू दवाखान्यात पडली होतीस आणि मी घरात बसून तुझ्याशी जिंकत होतो.

हे लिहिलं तरी रडू आलं नाही बघ. मधे उठून चहा करून प्यायलो.

आपांची युक्ती चांगली आहे. पण मी विचार करतोय, की नंदा उद्या हसेल, आणि मग? नांदेडला जाऊन घर झाडताना, स्वयंपाक करताना कधीतरी तिच्या मनात येईल, की आई इतकी आजारी होती, घरी येऊन पडली होती, आणि तेव्हा तिनं माझाच पलंगपोस का उसवला? माझ्यावर तिचा राग होता का? हा प्रश्न पोर कुणाला विचारेल? तू उत्तर द्यायला नाहीस. मी दिलं, तर परत खोटंच देणार. तुझं बारा वर्षांचं काम मी तुझ्याकडून घेतलं, ते घेतलं. आता त्याचा ठपकाही तुझ्याच नावावर लिहू?

नाही. एवढं नाही होणार माझ्याच्यानं.

कुसुम, तुला शब्द देतो. उद्या नंदा आली की तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगेन, "मी उसवला." पहिली दुपार कळत नव्हतं म्हणून, आणि दुसरी दुपार कळत असून, हेही सांगेन. ऊन, जाळी, चौथा गुंडा, सगळं. तेराव्याला जे समाधान-समाधान बोललो ते खोटं होतं, तू रडली होतीस, हेही सांगेन. ती चिडली तर चिडू दे, ओरडली तर ओरडू दे, तशीच परत निघाली तर बसस्टँडपर्यंत तिच्या मागं जाईन. मी मधे एक शब्द बोलणार नाही. तू जे मला बोलली नाहीस, ते तिच्या तोंडून खाली मान घालून ऐकून घेईन.

तुझा,
दत्तात्रय